अर्थाला पाणी

नविनच्या घरात निळा दिवा लागला, त्या दिवसापासून लडक्याला भात गोड लागेना.

दिवा काही मोठा नव्हता. उडदाच्या दाण्याएवढा. चार्जिंगच्या बोर्डावरचा, बोर्ड चालू आहे एवढंच सांगणारा. पण कोसबाडच्या टेकडीमागच्या त्या पाड्यावर लडक्याचं आणि नविनचं घर समोरासमोर. मध्ये एक अंगण आणि एक शेवग्याचं झाड. त्यामुळे तो उडदाएवढा दिवा लडक्याला जेवताना दिसे, आडवं पडल्यावर दिसे, आणि डोळे मिटले की जरा जास्तच दिसे.

नविन त्याचा साडू. निलम आणि बारकी सख्ख्या बहिणी. थोरली समोरच्या घरात, धाकटी या घरात. भावाचा हेवा केला तर लोक नावं ठेवतात, शेजाऱ्याचा केला तर भांडण होतं. साडूचा मात्र माणसाला हक्कानं करता येतो, आणि लडक्या हक्क सोडणाऱ्यातला नव्हता.

पूर्वी सगळं उलटं होतं. पाड्यावर पहिला धड चार्जर लडक्याकडे आला. घोलवडला शैलेशशेठच्या वाडीत तो चिकू उतरवायचा. शेंड्यावरचं फळ जाळीच्या काठीनं असं काढायचा की देठाला कळायचंही नाही. शेठनं नवा फोन घेतला तेव्हा जुना चार्जर लडक्याच्या हातावर ठेवला. पांढरा, गुळगुळीत, नखाएवढ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेला. तेव्हापासून अख्ख्या पाड्याचे फोन लडक्याच्या ओट्यावर. माणसं आपापला नंबर लागेपर्यंत बसायची, कोरा चहा प्यायची, वाढवणच्या बंदराचं काय होणार ते ठरवायची. मधूनच कुणी विचारायचं, "लडक्या, माझा किती झाला रे?" लडक्या आत वाकून बघायचा आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगायचा, "साठ टक्के. अजून बस."

पण वस्तू म्हातारी होतेच. चार्जरची वायर मानेत तुटली. लडक्यानं तिला चिंधी बांधली. मग चिंधीवर दगड ठेवावा लागला. मग फोन उपडा आणि तोंड घोलवडकडे करून ठेवला तरच चार्ज होऊ लागला. लोक नुसते अंगण ओलांडून पलीकडे जाऊ लागले.

पलीकडे नविनचं घरकुल पूर्ण झालं होतं. तलासरीच्या मनिष वायरमननं त्याची फिटिंग केली होती, आणि बोर्डही त्यानंच आणून दिला होता. एका वेळी चार फोन. त्यावर तो निळा दिवा. नविन निकाल जाहीर करायचा नाही, तो म्हणायचा, "बघा बाबा तुमचं तुम्ही." हा साधेपणा लडक्याला सगळ्यांत जास्त झोंबायचा.

सगळ्यांचे फोन गेले तरी लडक्यानं सोसलं असतं. पण बारकीचाही गेला. ती संध्याकाळी भांडी घासून झाली की पदराला हात पुसायची, फोन उचलायची आणि समोर जायची.

"आपल्या घरात करंट नाय?" लडक्यानं एकदा विचारलं.

"आहे की," बारकी म्हणाली. "पण त्याला दगडाखाली झोपायची सवय लागलीय."

*

वैशाखात वाडीतलं काम उतरणीला लागतं. उन्हानं फळ गळतं. रोज सगळ्यांना बोलावत नाहीत. मुकादम लाहू पहाटेच फोन फिरवतो. जो उचलेल तो टेम्पोत, जो उचलणार नाही तो घरी. लाहू दुसऱ्यांदा फोन करत नाही. शेठनंच त्याला तसं सांगून ठेवलंय.

एका रात्री लडक्याचा फोन दगडाखालीच मेला. सकाळी उठला तर काळा आरसा. तोवर बारकीचा वाजून गेला होता. ती डोक्याला फडकं बांधून तयार होती.

"मी पण येतो. लाहूला सांग."

"सांगितलं. म्हणाला, माणसं भरली."

टेम्पो रस्त्यावर आला. नविन आधीच मागं उभा होता. त्यानं हात दिला, बारकी वर चढली. नुसता हात दिला. मेहुणीचा हात धरून तिला टेम्पोत चढवणं यात वाईट काही नाही, हे लडक्याला कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच तो दुपारपर्यंत ओट्यावर बसून फक्त तेवढंच बघत राहिला. शेवग्याची सावली त्याच्या पायाशी आली आणि गेली. कोंबड्यासुद्धा त्याच्याकडे 'आज घरी?' अशा नजरेनं बघून गेल्या.

त्याच दुपारी मनिष वायरमन आला, नविनच्या पंख्याचं बटण बदलायला. घरी निलम होती. काम झाल्यावर लडक्यानं त्याला हाक मारली. आवाज शक्य तितका बेपर्वा ठेवला.

"जरा आमचंपण बघा की, मनिषभाऊ. चार्जरला काय होतंय ते."

मनिषनं चार्जर बघितला आणि टाकून द्या म्हणाला. मग मीटर बघितलं, बोर्ड बघितला, घराभोवती एक फेरी मारली, आणि पिशवीत स्क्रू ड्रायव्हर टाकत सहज बोलून गेला:

"लडक्याभाऊ, तुमच्या घराला अर्थ नाय."

मनिषनं समोर बोट दाखवलं.

"समोर नविनभाऊंच्या घराला आहे. मी स्वतः टाकलाय. तुम्ही पण टाकून घ्या. अर्थ नसलेल्या घरात पत्र्याची, लोखंडाची वस्तू लावायची म्हणजे धोका."

मनिषची मोटारसायकल टेकडी उतरली तरी लडक्या तिथंच. आपलं घर कुडाचं आहे, हे त्याला मान्य होतं. वर पत्रा आहे, तोही जुना, हेही मान्य. पण ज्या घरात बाप वारला, ज्या घरात बारकी लग्न होऊन आली, त्या घराला अर्थ नाही? आणि नविनच्या सिमेंटच्या खोक्याला आहे? असं कुणी तोंडावर बोलतं का? 'म्हणजे काय हो?' असं विचारावं, एवढंही त्याला सुचलं नाही. अपमानाचा अर्थ विचारायचा नसतो, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी त्यानं बघितलं तर निलम घराच्या कडेच्या परसात गेली होती. जमिनीतून एका लोखंडी पाइपाचं तोंड वर आलेलं, आणि निलम त्यात तांब्यानं पाणी ओतत होती. सावकाश, धार न तुटू देता.

"तुझी बहीण कुणाला पाणी घालते?" त्यानं बारकीला विचारलं.

"अर्थाला," बारकी चूल फुंकत म्हणाली. "उन्हाळ्यात सुकू द्यायचा नाय म्हणतात."

त्या रात्री लडक्यानं ताट दूर सारलं. आता तर अर्थाला रोज पाणीही मिळत होतं.

*

तलासरीच्या बाजारात तो गेला तेव्हा त्याच्या मनात एकच होतं: नविनपेक्षा भारी. सुकटीच्या ओळीपलीकडे एकानं ताडपत्रीवर माल मांडला होता. चार्जर, बॅटऱ्या, टॉर्च, डास मारायच्या रॅकेटी, सगळं ढिगानं, वांग्यांसारखं.

"आवो काका, बधू ओरिजनल छे," विक्रेता म्हणाला, आणि लगेच मराठीत आला, "सगळं कंपनीचं. बिल मागू नका, तेवढं सोडून सगळं आहे."

लडक्या चिकू हातानं पारखणारा माणूस होता. तो आवाजाला भुलणारा नव्हता. त्यानं एक बोर्ड उचलला, तळहातावर झेलला. हलका. दुसरा. हलका. आतून पोचट फळ असंच लागतं. मग पत्र्याचा एक हाताला लागला. लांबट, चकचकीत, एका बाजूला सहा भोकं, एक लाल आणि एक निळा असे दोन दिवे, आणि वजन असं की हात खाली गेला. लडक्यानं कोपऱ्यावर नख ओढून बघितलं. चिकू झाडावरून काढायच्या आधी असंच नख ओढतात. खाली हिरवं दिसलं तर कच्चा. इथं खाली हिरवं नव्हतं.

"हा पिकलाय," लडक्या स्वतःशी म्हणाला.

"काका, वजन बघा! स्वस्तातला हलका असतो. हा हाणला तर माणूस झोपेल."

ही एक गोष्ट विक्रेता खरी बोलला.

"पण याला तीन पाय. माझ्या घरी दोन भोकं."

"तो मधला जाडा शोभेचा असतो," विक्रेत्यानं पक्कड घेतली, जाडी पिन कटकन तोडली आणि बोर्ड परत हातात दिला. "ही सर्व्हिस फ्री."

*

पाडा परत आला. दोन दिवे कुणाला नको असतात? लडक्याच्या ओट्यावर पुन्हा चहा सुरू झाला, पुन्हा "साठ टक्के, अजून बस" सुरू झालं.

बोर्डाला एक खोड होती. पत्र्याला हात लागला की बोटांत मुंग्या यायच्या.

"चावतो रे हा!" फोन लावायला आलेला सुनिल हात झटकत म्हणाला.

"पॉवर आहे पॉवर," लडक्या म्हणाला. "नविनच्या बोर्डाला लाव हात. काय लागतं? काय नाय. मेलेला आहे."

सुनिलनं पत्रा टाळून फोन लावला. उलट पाड्यातल्या जयवंती आजीनं दोन-चार दिवस बोर्डाला बोटं लावली आणि गुडघा हलका झाल्याचं जाहीर केलं. मग खालच्या पाड्यावरूनही एक गुडघा आला, एक कंबर आली. लडक्यानं कुणालाच नाही म्हटलं नाही. नविनच्या घरी फोनच चार्ज व्हायचे. लडक्याच्या घरी माणसं होऊ लागली होती.

एकदा नविन स्वतः आला. उंबऱ्याशी उभा राहून बोर्डाकडे बघत म्हणाला, "लडक्या, मुंग्या येतात ते बरं नाय. मनिषला दाखव एकदा."

"का? गिऱ्हाईक तुटलं?"

नविननं बोर्डाकडे पुन्हा एकदा बघितलं. मान हलवून गेला. त्याचा हाही साधेपणा लडक्यानं ध्यानात ठेवला.

सगळं मनासारखं झालं होतं, एक सोडून. बारकीचा फोन अजून समोरच जात होता.

सहा भोकांतलं कडेचं एक लडक्या रिकामं ठेवायचा. "ते राहू दे," तो लोकांना सांगायचा. "ते घरचं आहे." लोक गालात हसायचे. रोज संध्याकाळी ते भोक रिकामंच राहायचं, आणि रोज संध्याकाळी बारकी अंगण ओलांडायची.

शेवटी तो फुटलाच.

"अख्खा पाडा माझ्याकडे येतो. आणि माझीच बायको नविनकडे जाते. लोक काय म्हणतात माहीत आहे?"

"काय म्हणतात?"

लोक काहीच म्हणत नव्हते. त्यामुळे लडक्याला क्षणभर अडचण झाली. "म्हणतील," तो म्हणाला.

"मी बहिणीकडे जाते."

"टेम्पोत हात बहीण देते?"

बारकीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, पोचट निघालेल्या फळाकडे बघतात तसं. सूप भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "उद्या ठेवते तुझ्या भोकात. मग गप बसशील?"

*

दुसऱ्या दिवशी ती वाडीतून लवकर परतली. दिवसभर टाकीत चिकू धुतले होते. हात सुरकुतलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. जयवंती आजी आत भिंतीला टेकून गुडघ्यासाठी थांबली होती. सकाळी बारकीनं जमीन सारवली होती; कोपऱ्यातलं शेण अजून ओलं होतं. लडक्या ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता. आत चाललंय ते बघायचं नाही असं ठरवून तो फक्त तेच ऐकत होता. बारकीची पावलं बोर्डाकडे गेली. त्याचा हात कोयत्यावर हळू झाला. पत्र्याचा खरखर आवाज आला. म्हणजे तिनं बोर्ड हातात उचलला.

मग आजी ओरडली, "धक्का! धक्का!"

डहाणू-तलासरीकडे हा शब्द ऐकल्यावर माणूस विचार करत नाही. गेली काही वर्षं इथली जमीन कधीही हलते. भांडी वाजतात, भिंतींना चिरा जातात. सरकारी माणसं येऊन शिकवून गेली आहेत: धक्का म्हटलं की घर सोडायचं, मोकळ्यावर यायचं. पाड्यातली कुत्रीसुद्धा हे शिकली आहेत. कोयता टाकून लडक्यानं ओट्यावरून उडी मारली ती थेट अंगणात. समोरून निलम धावत आली, नविन हातातल्या भाकरीसकट आला, सुनिल आला, कोंबड्या आल्या. सगळे शेवग्याखाली उभे राहून पायाखालच्या जमिनीकडे बघू लागले.

जमीन स्वस्थ होती.

दारातून जयवंती आजी आली. गुडघा विसरून, दोन्ही पायांनी धावत.

"अरे जमिनीचा नाय रे! बोर्डाचा! पोरगी चिकटली!"

लडक्यानं वळून बघितलं. दारातून आतलं दिसत होतं. बारकी उभी होती. बोर्ड तिच्या मुठीत होता आणि मूठ सुटत नव्हती. खांदा उडत होता. तोंड उघडं होतं, त्यातून आवाज येत नव्हता. आणि आपण, तिचा नवरा, तिला आत टाकून मोकळ्यावर उभे आहोत.

तो हात पुढं करूनच धावला.

"हात नको लावू!" नविन ओरडला. "काठी घे, काठी!"

वळचणीला जाळीची काठी टेकलेली होती. वाळलेला बांबू. ती उलटी धरून लडक्यानं बारकीच्या मनगटावर मारली. पहिला फटका नाजूक बसला. देठ न दुखवण्याची सवय. दुसरा त्यानं सगळ्या ताकदीनं मारला. त्याच वेळी नविननं मीटरजवळ जाऊन मेन पाडला. बोर्ड उडून भिंतीवर आदळला, फुटला, आणि बारकी ओल्या शेणावर कोसळली.

कुणी तिचं तोंड चोळलं, कुणी तळवे. लडक्या नुसता "बारके, बारके" करत होता. बऱ्याच वेळानं तिनं श्वास ओढला, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसा.

तिला लाहूच्या टेम्पोतून डहाणूच्या दवाखान्यात नेलं. या वेळी तिला टेम्पोत लडक्यानं चढवलं. नविननं हात पुढं केला होता, पण मग मागं घेतला.

*

बारकी वाचली. तळहात भाजला होता, आणि मनगट सुजलं होतं ते लडक्याच्या काठीनं. डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घरी सोडलं. पाड्यावर मात्र वाद सुरू झाला तो अजून चालू आहे: आधी काठी की आधी मेन? सुनिल काठीच्या बाजूनं होता, निलम मेनच्या. बारकीला विचारलं तर ती म्हणाली, "मी तेव्हा जरा कामात होते."

मनिष वायरमन येऊन ओट्यावर बसला. फुटलेला बोर्ड त्यानं उघडला. आत केसाएवढ्या बारीक वायरी होत्या. त्यातली एक सोलून पत्र्याला टेकलेली. आणि सगळ्या जागेत ओतून बसवलेला सिमेंटचा गोळा.

"हे कशाला?" नविननं विचारलं.

"वजनाला," मनिष म्हणाला. "गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं ना."

लडक्यानं त्या गोळ्याकडे बघितलं. मग आपल्या तळहाताकडे. पन्नास झाडांची फळं एका झेलण्यात ओळखणारा हात होता तो.

"तिसरी पिन कुणी तोडली?"

"शोभेची होती," लडक्या पुटपुटला.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, लडक्याभाऊ. घराला अर्थ नाय, पत्र्याची वस्तू लावू नका."

लडक्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण आत बारकी हाताला पट्टी बांधून पडली होती, म्हणून त्यानं विचारलं. जे तेव्हाच विचारायला हवं होतं ते विचारलं.

"अर्थ म्हणजे काय, मनिषभाऊ?"

मनिषनं पायानं जमीन दाखवली. "ही. भलतीकडे शिरलेला करंट जमिनीत जायला वाट. ती वाट नसली की तो माणसातून जातो. खड्डा काढायचा, त्यात कोळसा, मीठ, पाइप, आणि तिथून घरापर्यंत तार. जमीन ओली ठेवायची. बास. एवढाच अर्थ."

लडक्यानं पायाखालच्या जमिनीकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि मला वाटलं तुम्ही माझ्या बापाच्या घराला बोलला."

दुसऱ्या दिवशी नविन पहार घेऊन आला. न बोलावता. दोघांनी परसात खणायला घेतलं. वैशाखातली जमीन, पहार मारली की ठिणगी उडायची. दोघांच्या पाठी घामानं काळ्या झाल्या. मनिषनं सांगितलेल्या खोलीला नविन थांबला.

"बास झालं. माझा एवढाच आहे."

"म्हणूनच," लडक्या म्हणाला आणि आणखी वीतभर खणू लागला.

पाइप आणि तार घेऊन मनिष येईपर्यंत खड्डा उघडाच राहणार होता. तोवर लडक्याच्या घरात दिव्याशिवाय काहीच लावायचं नाही, असं बारकीनं सांगून टाकलं. संध्याकाळी डाव्या हातानं तिनं आपला फोन पुढं केला. "समोर ठेवून ये," ती म्हणाली. "लाहूचा फोन माझ्यावरच येतो."

लडक्यानं फोन घेतला. आपलाही घेतला, आणि निळा दिवा लागल्यापासून पहिल्यांदा अंगण ओलांडलं. निलमनं पाट दिला. तो बसला नाही. दोन्ही फोन बोर्डाला लावले. मग त्यावर बोट टेकवून बघितलं. मुंग्या आल्या नाहीत. मेलेला होता. जिवंत माणसांच्या घरात असा मेलेलाच बरा.

दुसऱ्या दिवशी नविन आणि निलम दोघं वाडीत गेले. ऊन डोक्यावर आलं. लडक्या बारकीच्या हाताशी म्हणून घरी थांबला होता. ओट्यावरून त्याला समोरच्या परसातलं पाइपाचं तोंड दिसत होतं. भोवतीची माती पांढरी पडली होती, भेगाळली होती. आज निलम विसरली होती.

तो थोडा वेळ बसून राहिला. मग उठला, आपल्या माठातून तांब्या भरला आणि नविनच्या परसात जाऊन पाइपात ओतू लागला. सावकाश, धार न तुटू देता.

शेवग्याखालून जयवंती आजीनं हाक मारली. "काय रे लडक्या, साडूच्या कुठल्या देवाला पाणी घालतोस?"

लडक्या दचकला. इकडे तिकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतं.

"बारकीचा फोन आहे आत," तो म्हणाला, आणि तांब्या पुन्हा भरून आणायला वळला.